चिमटा काचेवर

चार्जिंगची वायर त्याच्या गाडीत नव्हती. ती शेजारच्या पांढऱ्या गाडीत होती, आणि त्या गाडीच्या नाकाशी हिरवा दिवा निवांत उघडमीट करत होता. हातात किल्ली, खांद्याला पिशवी, घोटून केलेली दाढी अशा थाटात तो इमारतीच्या तळघरात उतरला होता, आणि आता तसाच उभा होता. मग गाडीत बसून त्याने बटण दाबलं. पडद्यावर अडतीस आलं. शंभरातले अडतीस. शाळेत गणितात एवढे मिळाले की वडील जेवताना बोलत नसत. काल संध्याकाळी त्याने याच हातांनी वायर लावली होती. प्लग बसल्याचा आवाज ऐकला होता, दोनदा ओढूनही पाहिला होता. वायरवर चिमटासुद्धा लावला होता. कपडे वाळत घालायचा साधा लाकडी चिमटा, टोकाला बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका असलेला. तो चिमटा आता त्याच्या गाडीच्या बॉनेटवर अगदी मधोमध होता. कुणी तो भिरकावला नव्हता, नीट ठेवला होता, आणि हेच त्याला जास्त लागलं. भिरकावला असता तर निदान रागावता तरी आलं असतं. एरवी तो ‘असू दे’ म्हणाला असता. ‘असू दे’ आणि ‘तुला हवं ते कर’ या दोन वाक्यांवर त्याचा निम्मा संसार चालला होता, आणि ही दोन्ही वाक्यं म्हणणारा माणूस मनाचा मोठा असतो अशी त्याची समजूत होती. पण आज ‘असू दे’ म्हणून भागणार नव्हतं.

बायको दीड महिन्यापासून तिच्या थोरल्या बहिणीच्या घरी राहत होती, आणि त्या घरात बहीण नव्हती. बहीण मुलाकडे दूरदेशी कायमची निघून गेली होती, मागे रिकामं घर आणि किल्ल्यांचा जुडगा ठेवून. परवा बायकोचा फोन आला. एवढ्या दिवसांतला पहिलाच. “रविवारी दुपारी दलाल येतोय. घर भाड्याने द्यायचं, की वर्षभर मीच ठेवून घ्यायचं, ते त्याला सांगायचंय. तुम्हाला यायचं असेल तर त्याच्या आधी या. फोनवर मात्र काही सांगू नका. फोन नको मला.” तो “बरं” म्हणाला आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्याशी उभा राहिला. वर्षभर ठेवून घ्यायचं. म्हणजे वर्षभर ती तिथे. एक वर्ष तिथे राहिलेलं माणूस परत येतं का, हा प्रश्न त्याने स्वतःला नीट विचारलाच नाही. त्याने धोब्याकडून शर्ट आणला, गाडी लावली, चिमटा लावला. बायको लावायची तिथेच, तसाच. आणि आता दुपारपर्यंत ज्या गावी पोचायचं ते गाव अडतीसात येणार नव्हतं. फार तर निम्म्याहून थोडा जास्त रस्ता.

त्याला नीट आठवेना, हे चिमट्यांचं खूळ नेमकं कधी सुरू झालं. इमारतीत चार्जर एकच, आणि गाड्या वाढत गेल्या. भरलेली गाडी काढायची नाही, जागा अडवून ठेवायची, दुसऱ्याची वायर उपसायची, मग जिन्यात तोंडं फिरवायची. सेक्रेटरी आणि तळमजल्यावरचा फोटोग्राफर एकदा हमरीतुमरीवर आले होते, फोटोग्राफरचा चष्माही फुटला होता. त्यानंतर कुठल्याशा मीटिंगमधून बायको खूश होऊन घरी आली होती. आपलं म्हणणं सगळ्यांनी ऐकलं म्हणाली. हातात चिमट्यांचं पाकीट होतं. जेवणाच्या टेबलावर तिने पाण्याचा जग म्हणजे गाडी धरली, सुतळीचा तुकडा म्हणजे वायर, आणि चिमटा इकडून तिकडे लावत ती सांगत राहिली. तो बघत होता. म्हणजे डोळे तिकडे होते. त्या दिवशी कामावरच्या एका खालच्या कवळीचा मागचा दात काही केल्या वरच्याशी जुळत नव्हता, आणि तो दात त्याच्या डोक्यात बसला होता. बायको थांबली तेव्हा तो “हं” म्हणाला. “कळलं ना?” “हं.” त्यानंतर तिने पुन्हा कधी सांगितलं नाही, आणि गाडी लावायचं काम तिच्याकडेच गेलं. त्याने मनाशी ठरवून टाकलं की चिमटा म्हणजे नावाची पाटी. कुणाची गाडी लागली आहे ते कळावं म्हणून. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, पण घड्याला कुठे माहीत असतं आपण पालथे आहोत ते!

तो कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे घेऊन पाठवतात. तो त्यात प्लास्टर ओततो, जबडे यंत्रावर चढवतो, मेणात दात बसवतो, दोन जबड्यांमध्ये निळा कागद धरून ते मिटतो. जिथे निळा डाग उठतो तिथे दात आधी आदळतो, तिथे घासायचं. अशी हजारो तोंडं त्याच्या हाताखालून गेली. कुणाचं तोंड कुठे आदळतं हे त्याला बरोबर कळतं. पण त्या तोंडातून कधी एक शब्द त्याने ऐकला नाही, कारण माणसं डॉक्टरकडे जातात आणि त्याच्याकडे येतात ते फक्त जबडे. बायको एकदा म्हणाली होती, “तुम्हाला प्लास्टरची बायको हवी होती.” त्याला ते विनोदी वाटलं होतं. त्याने तो विनोद डॉक्टरलाही सांगितला होता.

लिफ्टचं दार वाजलं आणि तिसऱ्या मजल्यावरची नर्स आली. तिला सगळे सिस्टरच म्हणत. बगलेत उशी, हातात थर्मास. पांढरी गाडी तिची.

“अरे, काका! तुम्ही इथे कसे?”

“सिस्टर, माझी वायर तुम्ही काढलीत?”

“हो, पहाटे ड्युटीवरून आले तेव्हा. बाबांना आज हॉस्पिटलातून घरी आणायचंय आणि माझ्या गाडीत जीव नव्हता. तुमचा चिमटा वायरवर होता, म्हणून काढली.”

“पण माझी भरली नव्हती.”

“नव्हतीच. मग?” तिला खरंच प्रश्न कळला नव्हता. थर्मास टपावर ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली. “वायरवर चिमटा म्हणजे मला घाई नाही, कुणाला गरज असेल तर खुशाल काढा, अर्धवट भरली असली तरी. आणि पुढच्या काचेवर, वायपरला लावला म्हणजे मला जायचंय, हात लावू नका. काकूंनीच तर बसवून दिलंय हे. तुम्हाला माहीत नाही?”

“माहीत आहे की,” तो म्हणाला.

“मग तुम्ही वायरला कसा लावलात? निघालेले दिसताय.”

“चुकून.” पांढऱ्या गाडीच्या वायपरला पिवळ्या ठिपक्याचा चिमटा होता. तो त्याला आता कुठे दिसला.

“सवयीने झालं असणार,” सिस्टर हसली. “काकू नेहमी वायरलाच लावायच्या. आम्ही म्हणायचो, काकू, तुम्हाला कधी कुठे जायचंच नसतं का हो? म्हणायच्या, मला कसली आलीये घाई. इतक्या वर्षांत एकदाच पाहिला मी त्यांचा काचेवर. त्या बहिणीकडे गेल्या ना, त्याच्या आदल्या संध्याकाळी. मी ड्युटीला निघाले होते. मनात म्हटलं, वा, काकू निघाल्या एकदाच्या! आणि पहाटे परत येते तर पुन्हा वायरवर. म्हटलं बेत बदलला असेल. तेव्हाच बाबांची धावपळ सुरू झाली होती. मग काढली त्यांची आणि लावली माझी.” ती थांबली. “काय झालं, काका? घाम आलाय तुम्हाला.”

“तळघर आहे ना. कोंदट आहे.”

“तुम्हाला लांब जायचंय का? काढू का माझी? मी करीन काहीतरी.”

“छे, छे. तुमचं होऊ द्या,” तो म्हणाला. तोंडातून शब्द गेले आणि मग त्याला ते ऐकू आले. पण सिस्टर तोवर मागच्या सीटवर उशी ठेवायला वाकली होती. तो गाडीत बसला, बॉनेटवरचा चिमटा राहिला म्हणून पुन्हा उतरला, चिमटा खिशात घातला आणि पुन्हा बसला. बाहेर आल्यावर सकाळचं ऊन सरळ डोळ्यांवर आलं, तेव्हा कुठे त्याने मघाशी ऐकलेलं नीट ऐकायला सुरुवात केली.

ती संध्याकाळ. तो कामावरून येत होता. हाताच्या रेघांत प्लास्टर, डोक्यात काहीच नाही. गाडी चार्जिंगला लागलेली आणि चिमटा पुढच्या काचेवर, वायपरच्या दांडीला. त्याला ते खटकलं. वस्तू जिथल्या तिथे असावी असा माणूस तो. कुणा पोराने खोडी केली असेल, वायपर फिरला तर काचेला ओरखडा जाईल, असं काहीबाही मनात आलं आणि त्याने चिमटा काढून वायरवर लावला, जिथे तो नेहमी असायचा. एवढंच. लावून जरा मागे होऊन बघितलंही, कवळी बसवल्यावर बघतो तसं. वर जाऊन बायकोला सांगावं, तुझा चिमटा सरळ केला, असंही वाटलं होतं. वर गेल्यावर विसरला. ती बॅग भरत होती. बहिणीचं विमान दुसऱ्या दिवशी होतं, आणि निघण्याआधी तिला एकदा भेटून, तिला निरोप देऊन यायचं असं बायकोचं चाललं होतं. ती सकाळी लवकर गाडी घेऊन निघणार होती. त्यावर तो म्हणाला होता, “जाऊन काय करणार? फोनवर बोल की.” आणि वर, उदारपणे, “बघ. तुला हवं ते कर.”

सकाळी ती खाली गेली आणि लगेच वर आली. तो आरशासमोर होता, अर्ध्या गालाला फेस. ती बॅग घेऊन दारात उभी राहिली. “एकदाच लावला होता मी,” ती म्हणाली. “इतक्या वर्षांत एकदाच.” त्याने आरशातून विचारलं, “काय?” ती म्हणाली, “चिमटा.” त्याने वळून बाल्कनीतल्या दोरीकडे पाहिलं. दोरीवर एक टॉवेल होता आणि त्याला दोन चिमटे होते. तो गोंधळून म्हणाला, “आहे की. दोन आहेत.” तेव्हा ती त्याच्याकडे जी बघत राहिली, ती नजर दीड महिना त्याच्या मानेवर बसून होती, आणि काखेत कळसा असून तो सगळ्या गावाला वळसा घालत होता. आपण विनोद केला असं तिला वाटलं का, तिला बरं नव्हतं का, टॉवेल ओला राहिला म्हणून चिडली का. ती बसने गेली. बस वाटेत कुठेशी अडकली, आणि ती पोचली तेव्हा घराला कुलूप होतं आणि किल्ल्या शेजारणीकडे होत्या. हे त्याला शेजारणीच्या फोनवरून कळलं होतं. वाईट वाटलं होतं. बस बेभरवशाचीच, असंही तो म्हणाला होता.

म्हणजे तिला वाटतं, मी मुद्दाम केलं. गाडी शहराबाहेर पडली तेव्हा हे वाक्य एकदम समोर आलं आणि त्याने उगाचच ब्रेक दाबला. मागचा ट्रक कोकलला. मी म्हणालो जाऊ नको, ती म्हणाली जाणार, आणि रात्री खाली जाऊन मी चिमटा हलवला. दीड महिना ती त्या रिकाम्या घरात हे वाक्य घेऊन बसली आहे. आणि मी दीड महिना टॉवेल घेऊन. तो मोठ्याने हसला आणि हसण्याने त्याचे डोळे भरून आले. पुढचा रस्ता हलायला लागला, मग पुसल्यावर थांबला. पण मला माहीत नव्हतं! हे तो गाडीत मोठ्याने म्हणाला. मला अर्थच माहीत नव्हता. हे सांगितलं की झालं. सांगितलं की ती म्हणेल, असं होय, मला उगीच वाटलं. असं ती म्हणेल ना? पडद्यावर एकतीस. की म्हणेल, टेबलावर पाण्याचा जग आणि सुतळी मांडून मी सांगत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात? मुद्दाम केलं असतं तर निदान तिच्याकडे बघून तरी केलं असतं. न बघता केलं, हे सांगायला मी धावत निघालोय. यातलं जास्त वाईट कुठलं ते त्याला ठरवता येईना. आणि त्याच्याही खाली आणखी काहीतरी चुळबुळत होतं, त्याला धड तोंड नव्हतं. त्या संध्याकाळी चिमट्याकडे हात गेला तो खरंच फक्त नीटनेटकेपणासाठी? की काचेवरचा चिमटा बघून, काहीतरी नवीन आहे, हे नको, हे पूर्वीसारखं कर, असं हाताला वाटलं होतं का? हाताला कसं विचारायचं. तो स्टिअरिंगवरच्या आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. नखांत प्लास्टर होतं. त्या हाताचं त्याच्याशी काही बोलणं नव्हतं.

हमरस्त्यावरच्या चार्जिंग स्टेशनवर तो पोचला तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. दोन यंत्रं होती. एकावर ‘बंद’ अशी पाटी, दुसऱ्यावर एक भलीमोठी करडी गाडी, शंभर टक्के भरलेली, मालकाचा पत्ता नाही. तो उतरला. करड्या गाडीभोवती एक चक्कर मारली. वायरवर काही नाही, काचेवरही काही नाही. इथे कुणी कुणासाठी काही ठेवत नव्हतं. शेजारच्या उपाहारगृहात डोकावून “करडी गाडी कुणाची?” असं विचारायला हवं होतं. तो दारापर्यंत गेला, आत सगळे जेवत होते, आणि परत आला. वायर उपटावी का? हात पुढे गेला आणि मागे आला. घड्याळाकडे बघायची हिंमत होईना. मग एकाएकी, असा आवाज आपल्याकडे आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं, तो दारात उभा राहून ओरडला, “करडी गाडी कुणाची आहे? भरलीये ती! मला जायचंय!” सगळ्यांनी वर पाहिलं. एक म्हातारा सावकाश उठला. बाहेर येईपर्यंत तोंड पुसत होता. “भरली तर भरली. पळून जातेय का? येतच होतो मी.” वरची कवळी किंचित सैल होती, बोलताना पडत होती. कुणी केली असेल, असं सवयीने मनात येऊन गेलं.

त्याने वायर लावली. टक्. खिशातून चिमटा काढला आणि थोडा वेळ तो बोटांत फिरवत राहिला. मग पुढे जाऊन तो वायपरला लावला. आयुष्यात पहिल्यांदा. इथे त्याचा अर्थ कळणारं चिटपाखरूही नव्हतं, आणि कुणी खोडी समजून काढलाही असता, म्हणून तो गाडीला खेटूनच उभा राहिला. मग त्याने फोन लावला. फोन नको म्हणाली होती. पण दुपार होत आली होती.

“मी वाटेत आहे,” तो म्हणाला. “उशीर होईल. गाडी चार्जिंगला लावलीये.”

“हं,” ती म्हणाली.

“अगं, त्या दिवशी चिमटा मी हलवला. काचेवरचा वायरवर.”

“माहीत आहे मला.”

“मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. आज सिस्टरने सांगितला.”

पलीकडे नळ गळत असावा, रिकाम्या घरात थेंबाचा आवाज मोठा येतो. “इतकी वर्षं?” शेवटी ती म्हणाली. ती हसत होती की काय होतं ते त्याला कळेना. त्याने फोन कानावर इतका दाबला की कान दुखला. तरी कळेना.

“आत्ता कुठे लावलाय?” तिने विचारलं.

“काचेवर.”

“तिथे कुणाला कळणार आहे?”

“कुणालाच नाही. म्हणून शेजारी उभा आहे.”

पुन्हा नळ. मग पलीकडे बेल वाजली. “दलाल आला,” ती म्हणाली. “काय सांगू त्याला?”

तुला हवं ते सांग. हे वाक्य त्याच्या जिभेवर आयतं येऊन बसलं होतं. त्याने ते गिळलं. तिने फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, ओट्यावर असेल, पण बंद केला नाही. पावलं दाराकडे गेली, कडी निघाली, पुरुषाचा आवाज आला. ती काहीतरी म्हणाली, पण काय ते नीट ऐकू येईना. एवढ्यात एक छोटी गाडी त्याच्या मागे येऊन थांबली. चालवणाऱ्या बाईने काच खाली केली. मागच्या सीटवर खोकी रचलेली होती, बाई घामाघूम झाली होती. बंद यंत्राकडे बघून तिने त्याला अगदी अदबीने विचारलं, “काका, तुम्हाला घाई आहे का हो?”

छे, छे, तुमचं होऊ द्या. हेही जिभेवर आयतंच होतं. त्याने फोन तोंडाजवळ धरला आणि तिकडे त्या रिकाम्या घरात ओट्यापासून दारापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने म्हणाला, “हो. आहे. मला बायकोकडे जायचंय.” बाईने दचकून काच वर केली. त्याने फोन पुन्हा कानाला लावला. तिकडचं दोघांचं बोलणं थांबलं होतं.